काठावर दोर धरणारा

ऐका. लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनीही हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवून ऐका. ही गोष्ट फार फार जुन्या काळची आहे. नद्यांवर पूल नव्हते, तेव्हाची.

एका राज्याच्या मधून एक रुंद नदी वाहत होती. तिच्या अलीकडच्या काठाला एक गाव होतं आणि पलीकडच्या काठाला दुसरं. अलीकडच्या गावात कुंभार आणि विणकर राहत. पलीकडच्या गावात आठवड्याचा बाजार भरे. त्यामुळे मडकी, लुगडी, शेळ्या, लेकी, सुना, पाहुणे, सगळं काही नदी ओलांडून जात-येत असे. आणि हे सगळं नेणारी नाव एकच होती. ती दोन भावांची होती.

थोरल्याचं नाव रायाजी आणि धाकट्याचं सुभाना. आईबाप लवकर गेले, तेव्हा सुभाना जेमतेम चालायला लागला होता. रायाजीनेच त्याला खांद्यावर घेऊन वाढवलं, पोहायला शिकवलं, बांबू हातात दिला.

सुभाना वाढला तो नुसता उंचीने नव्हे. त्याचे दंड बघून पैलवान नजर चुकवत. भरल्या नावेत मागच्या टोकाला उभा राहून तो लांबलचक बांबू नदीच्या तळाला टेकवायचा, अंग झोकून रेटायचा, आणि नाव सरसर पुढे जायची. नावेतल्या बाया म्हणायच्या, "काय बाई ताकद! एकट्याने एवढी नाव ढकलतो!"

रायाजी अंगाने सडपातळ होता. त्याचं काम काठावरचं. नाव घाटाला लागली की तो गुडघाभर पाण्यात उतरायचा, नावेचा दोर कमरेमागून घ्यायचा आणि पाय रोवून उभा राहायचा. शेवटचा माणूस उतरेपर्यंत हलायचा नाही.

आता तुम्ही विचाराल, नाव तर काठाला लागली, मग दोर कशाला धरायचा? कधी होडीतून उतरला असाल तर आठवून बघा. उतरणारा एक पाय काठाकडे टाकतो तेव्हा त्याचा दुसरा पाय नावेला मागे रेटत असतो. त्याला ते कळतही नाही. माणूस पुढे आणि नाव मागे. कुणी धरून ठेवली नाही, तर माणूस मधल्या पाण्यात.

पण रायाजी असल्यामुळे नाव कधी मागे सरकलीच नाही. आणि जे कधी घडलंच नाही, ते कुणाच्या डोळ्यांत भरणार?

एके वर्षी मार्गशीर्षात गावाने नदीची ओटी भरली, तेव्हा राजाचे कारभारी समारंभाला आले. त्यांच्याबरोबर दोन घोडे होते. घोडे नावेत चढवून पलीकडे न्यायचे होते. घोडे बिथरले, नाव डुलली, पण सुभानाने बांबू सोडला नाही. दोन्ही घोडे सुखरूप पार झाले. परत आल्यावर कारभाऱ्यांनी सगळ्या गावासमोर सुभानाच्या डोक्यावर जरीचं पागोटं ठेवलं.

मग त्यांची नजर पाण्यात उभ्या असलेल्या रायाजीकडे गेली.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"माझा थोरला भाऊ, सरकार," सुभाना म्हणाला. "हा दोर धरून उभा राहतो."

"आणि करतो काय?"

सुभानाने जरा विचार केला. लोक त्याच्याकडे बघत होते. डोक्यावरचं पागोटं नवं होतं. तो हसून म्हणाला, "काही नाही सरकार. नुसता उभा राहतो."

लोक हसले. कारभारीही हसले. रायाजी हसला नाही आणि चिडलाही नाही. त्याने दोर सोडवला, नीट वेटोळं केलं आणि नावेत ठेवलं.

घरी आल्यावर रायाजीच्या बायकोने दोघांना भाकरी वाढली. जेवता जेवता रायाजी म्हणाला, "सुभाना, उद्यापासून घाटावरचं तूच बघ. मी वरच्या वळणावर वाळूत टरबुजांचे वेल लावीन म्हणतो."

"रागावलास का दादा?"

"रागावलो नाही. पण जिथे माझं काही काम नाही, तिथे मी कशाला थांबू?"

सुभानाला आत कुठेतरी टोचलं. पण माफी मागायची म्हणजे पागोटं खाली ठेवल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "तुझी मर्जी."

दुसऱ्या दिवशी रायाजी आणि त्याची बायको वरच्या वळणावर गेले. तिथे नदीने वाळूचा मोठा पट्टा सोडला होता. त्यांनी झोपडी बांधली, वाळूत खड्डे केले, शेणखत घातलं आणि टरबुजाच्या बिया टोचल्या.

इकडे घाटावर पहिल्याच खेपेला दोन माणसं पाण्यात पडली. उन्हं चांगली होती, पाणी उथळ होतं, म्हणून हसण्यावारी गेलं. सुभानाने मग घाटाशेजारच्या मातीत एक जाड खुंट ठोकला. नाव लागली की तो उडी मारून उतरायचा, दोर खुंटाला बांधायचा आणि म्हणायचा, "उतरा आता."

काम भागलं, पण जेमतेम. दोर सैल राहिला तर नाव सरकायची. ताठ बांधला तर लाटेबरोबर नाव खाली-वर होताना हिसका बसायचा आणि खुंट थोडा थोडा हलायचा. दोर कधी सोडायचा आणि कधी आवळायचा, हे खुंटाला कळत नव्हतं. रायाजीला ते कळायचं.

सुभानाच्या मनात हे येत होतं. पण तो ते मनातच ठेवत होता.

गावात साळूआत्या म्हणून एक सुईण होती. दोन्ही काठांवरची निम्मी माणसं तिच्याच हातांत जन्मली होती. रायाजी आणि सुभानाही त्यांतलेच. एकदा पलीकडच्या गावात एका सुनेचं बाळंतपण उरकून साळूआत्या परत येत होती. रात्रभर जागलेली, थकलेली. नाव घाटाला लागली. सुभाना खुंटाकडे गेला होता. त्याची गाठ बसायच्या आत म्हातारीने पाऊल उचललं.

नाव मागे सरकली. साळूआत्या दगडी पायरीवर आदळली आणि तिचं उजवं मनगट मोडलं.

सुभाना धावला. पण तोंडातून काय निघालं? "आत्या, थांबायचं नाही का जरा! तूच पायाने नाव मागे ढकललीस!"

साळूआत्याने वेदनेने डोळे मिटले होते. तरी ती म्हणाली, "खरं आहे बाबा. ढकलली मी. आजवर रोजच ढकलत होते."

हाडवैद्याने तिच्या मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या. चार दिवसांनी सुभाना तिच्याकडे दुधाचा तांब्या घेऊन गेला. त्याला झोप लागत नव्हती. साळूआत्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती.

"बस," ती म्हणाली. "मान खाली घालून उभा राहू नकोस. एवढं मोठं झाड वाकलेलं बघवत नाही."

सुभाना बसला.

"आत्या, तू पडलीस ती माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे की माझ्यामुळे, ते राहू दे. मला एक सांग. नाव तू कशी ढकलतोस?"

"कशी म्हणजे? बांबूने."

"बांबू नावेला लावतोस?"

सुभाना गोंधळला. "नाही. बांबू तळाला लावतो. तळाला मागे रेटतो."

"मग पुढे कोण रेटतं?"

सुभानाने दुधाचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"तू नावेतच उभा असतोस," आत्या म्हणाली. "नावेत उभं राहून कुणाला नाव ढकलता येते का? तू तळाला ढकलतोस, तळ तुला ढकलतो. जेवढ्यास तेवढं. तळ चिखलाचा असला की काय होतं?"

"बांबू रुततो. नाव हलत नाही."

"ताकद तर तुझी तीच असते ना?"

"तीच असते."

साळूआत्याने दुधाचा घोट घेतला. "माझ्या कामातलं सांगते. बाळंतीण जोर लावते, तेव्हा मी तिचे पाय माझ्या कमरेला टेकवून घेते. ती सगळा जीव एकवटून रेटते, आणि मी तेवढीच तिच्याकडे रेलते. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारी नुसती बसली आहे. पण मी जरा ढिली पडले ना, तर त्या पोरीचा जोर हवेत जातो. तिच्या जोराला जोर द्यायला कुणीतरी न हलणारं लागतं. बाळ तीच जन्माला घालते, त्यात वाद नाही. पण दुसऱ्या दिवशी माझी कंबर का दुखते, हे तुझ्यासारख्याने मला कधी विचारलं नाही."

सुभाना उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मी दादाला आणायला जातो."

"जा."

तो निघालाही. नदीच्या काठाकाठाने वरच्या वळणापर्यंत गेला. लांबून त्याला रायाजी दिसला. तो वाकून वेलांना पाणी घालत होता. वेल चांगले पसरले होते, मुठीएवढी टरबुजं धरली होती. भाऊ सुखात दिसत होता. काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची, हे सुभानाला सुचेना. तो तसाच मागे फिरला. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाला. असे कितीतरी उद्या गेले.

फाल्गुन लागला. टरबुजं घागरीएवढी झाली. उन्हाने नदी आटत चालली होती.

अशातच एके दिवशी, आभाळ निरभ्र असताना, नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या जुन्या तलावाचा बांध फुटला. गावातली बहुतेक माणसं सुगीला रानात गेली होती. घाटावर सुभाना होता आणि साळूआत्या होती. तिचं मनगट अजून कामट्यांत होतं, पण घरात करमत नव्हतं म्हणून ती पायरीवर येऊन बसली होती. आधी पाणी गढूळ झालं. मग काटक्या आल्या, मग मुळासकट झुडपं. बघता बघता घाटाच्या तीन पायऱ्या बुडाल्या.

आणि मग वरून एक नाव आली. ती वरच्या गावची होती. त्या गावच्या सात बायका बारशाला निघाल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर एक म्हातारा नावाडी होता. लोंढ्यात त्याचं वल्हं हातातून निसटलं होतं. नाव गरगर फिरत आली आणि नदीच्या मधोमध असलेल्या काळ्या खडकावर जाऊन अडकली. एका बाजूला कलली. बायका आक्रोश करायला लागल्या. पाणी चढतच होतं. थोडं आणखी चढलं असतं तर नाव खडकावरून उचलून घाटाखाली थोड्या अंतरावर असलेल्या धबधब्यात फेकली गेली असती.

सुभानाने वाट पाहिली नाही. त्याने एक लांब दोर खुंटाला बांधला, दुसरं टोक आपल्या नावेला बांधलं, आणि वल्ही मारत निघाला. खडकाच्या अलीकडे, एका नावेच्या अंतरावर आल्यावर त्याने दुसरा दोर फेकला. म्हाताऱ्या नावाड्याने तो झेलून आपल्या नावेला बांधला.

"धरून बसा गं बायांनो!" सुभाना ओरडला. "आत्ता ओढून काढतो!"

त्याने पाय फाकवले, दोर दोन्ही हातांना गुंडाळला आणि सगळ्या ताकदीने ओढला.

अडकलेली नाव तसूभरही हलली नाही. हलली ती त्याचीच नाव. तो जेवढा ओढत होता, तेवढा तोच खडकाकडे जात होता. त्याने आणखी जोर लावला. नाव आणखी पुढे गेली, खडकावर धाडकन आपटली आणि पुढची एक फळी तडकली. घोडे पार करणारे ते दंड, राजाच्या कारभाऱ्यांनी ज्यांचं कौतुक केलं ते दंड, आणि एका दोराच्या टोकाला त्यांना काही करता येईना. पायाखाली पाणी होतं. पाणी कुणाला पाय रोवू देतं?

त्याने नाव वल्ह्याने मागे घेतली. मागचा दोर सैल राहिला होता, तो आवळून पुन्हा बांधला, तेव्हा खुंटाने नाव धरली. आता जमेल, असं त्याला वाटलं. त्याने पुन्हा ओढलं. खडकावरची नाव करकरली, जरा सरली. बायकांनी देवाचं नाव घेतलं. सुभानाने दात आवळून अजून एक हिसका दिला.

आणि काठावरचा खुंट उपटला. भिजलेल्या मातीतून तो मुळा उपटावा तसा अलगद वर आला आणि दोराबरोबर पाण्याकडे घसरत निघाला.

साळूआत्याने ओरडून डाव्या हाताने दोर धरायचा प्रयत्न केला. दोर तिच्या मुठीतून सरकला. सुभानाला ते दिसत होतं. आता त्याची नावही सुटी झाली होती, आणि ती ज्यांना वाचवायचं त्यांच्याशीच बांधलेली होती.

तेवढ्यात काठाने कुणीतरी धावत आलं. अंगाला वाळू, पायाला चिखल. रायाजी होता तो. वरच्या वळणावर पाणी वाळूत शिरलं, टरबुजं एकेक करून वाहायला लागली, तेव्हा त्याने ती बारशाची नाव लोंढ्यात जाताना पाहिली. बायकोला उंचवट्यावर बसवून, वेल तसेच टाकून, तो धावत सुटला होता.

त्याने पाण्यात उडी टाकून दोराचं टोक पकडलं. घाटावर पायरीच्या दगडाला एक कंगोरा होता. रायाजी त्याच्या मागे बसला, दोन्ही टाचा कंगोऱ्याला लावल्या, दोर पाठीमागून घेऊन हाताला वेढा दिला.

"सुभाना, ओढ!" तो ओरडला.

"दादा, तुला झेपणार नाही!" सुभानाचा आवाज फुटला. "तू खेचला जाशील!"

"मला ओढायचं नाही. मला हलायचं नाही, एवढंच. तू ओढ!"

सुभानाने ओढलं.

त्या क्षणी त्याच्या तळपायांना काहीतरी वेगळं जाणवलं. नाव पाण्यावर होती, पण जमिनीसारखी घट्ट झाली होती. त्याने जोर वाढवला की मागचा दोर तेवढाच ताठ व्हायचा. लाट आली की दोर वीतभर सुटायचा आणि लाट गेली की पुन्हा आवळला जायचा. न बघताही सुभानाला कळत होतं की हे कुणाचे हात आहेत. लहानपणी पोहायला शिकताना पोटाखाली होते तेच ते हात.

काठावर रायाजीचा चेहरा लाल झाला होता. साळूआत्या त्याच्या मागे बसली. तिने पाय पायरीला लावले, चांगल्या हाताने त्याच्या कमरेचा शेला धरला आणि सगळं अंग मागे झोकलं. "श्वास रोखू नकोस," ती त्याच्या कानाशी म्हणाली. तिला सवयच होती तसं म्हणायची. "सोड श्वास. आता पुन्हा धर."

खडकावर मोठा करकर आवाज झाला. अडकलेली नाव सरकली, कलंडली, आणि सुटली. सुटताना तिने असा काही हिसका दिला की रायाजीच्या खांद्यातून कट्ट असा आवाज आला. त्याच्या तोंडातून एक किंकाळी निघाली. दोर मात्र निघाला नाही.

सुभानाने ती नाव आपल्या नावेशी घट्ट बांधून घेतली. आता दोन्ही नावा एकाच दोरावर होत्या. लोंढा त्यांना खाली रेटत होता आणि रायाजी सोडत नव्हता. त्यामुळे दोन्ही नावा अर्धवर्तुळात फिरत फिरत काठाकडे आल्या आणि घाटाच्या खालच्या अंगाला चिखलात रुतल्या.

सातही बायका उतरल्या. म्हातारा नावाडी उतरला. शेवटी सुभाना उतरला, आणि धावत भावाकडे गेला.

रायाजी अजून तसाच बसला होता. टाचा कंगोऱ्याला लावलेल्या, हातात दोर.

"दादा, सोड आता. सगळे आले."

"सगळे?"

"सगळे."

मग रायाजीने दोर सोडला. त्याचा उजवा हात लोंबत होता. साळूआत्याने हाडवैद्याला बोलवायला एका बाईला पिटाळलं आणि खोबरेल तेलाची वाटी मागवली. "तळवे दाखवा दोघांनी," ती म्हणाली.

दोघा भावांनी हात पुढे केले. दोराने चारही तळवे सोलले होते. सुभानाच्या तळव्यावर जिथे लाल वळ होता, तिथेच रायाजीच्या तळव्यावर होता. तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल. कुठले हात ओढणाऱ्याचे आणि कुठले धरणाऱ्याचे, हे परक्या माणसाला सांगता आलं नसतं.

सुभाना त्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने भावाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

"दादा, तू काही करत नाहीस असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. लोक हसले, आणि मीही हसलो."

रायाजी म्हणाला, "मला त्यांच्या हसण्याचं काही वाटलं नाही रे. तू हसलास, त्याचं वाटलं."

"मी तुला न्यायला आलो होतो एकदा. अर्ध्या वाटेवरून परत गेलो."

"पाहिलं होतं मी."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होतो," रायाजी म्हणाला. "हाक मारायला हवी होती. माझंही चुकलंच."

टरबुजांचं शेत पुरतं गेलं. एकही फळ हाती लागलं नाही. रायाजीचा खांदा हाडवैद्याने जागेवर बसवला, पण सहा महिने दोराला हात लावायचा नाही, असं बजावलं. आता घाटावर कोण उभं राहणार? गावाने विचारलं तेव्हा सुभाना म्हणाला, "मी."

पलीकडच्या गावात धर्माजी नावाचा एक पन्नाशीचा नावाडी होता. बांबू चालवायला त्याला बोलावलं. आणि सुभाना, तो एवढा थोरला गडी, गुडघाभर पाण्यात उतरून कमरेमागून दोर घेऊन उभा राहिला.

पहिल्या दिवशी त्याला जे कळलं, ते तो आयुष्यभर कधी विसरला नाही. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचं पाऊल दोरातून त्याच्यापर्यंत येत होतं. कुंभारणीचं जड पाऊल आलं. लेकराचं हलकं पाऊल आलं. म्हाताऱ्याचं घाबरलेलं, दोनदा टेकलेलं पाऊल आलं. जो जेवढा रेटा देऊन उतरे, तेवढा रेटा सुभानाच्या टाचांखालच्या वाळूत जाई. संध्याकाळी त्याच्या पोटऱ्या अशा भरून आल्या की घरची पायरी चढवेना. घोडे पार केले त्या दिवशीही तो इतका थकला नव्हता.

थोड्या दिवसांनी बाजाराहून परतणाऱ्या दोन बाया नावेतून उतरल्या. एक दुसरीला म्हणाली, "काय बाई धर्माजीची ताकद! या वयात एकट्याने नाव ढकलतो!"

दुसरीने सुभानाकडे बोट केलं. "आणि हा एवढा धडधाकट असून नुसता उभा!"

सुभानाला ते ऐकू गेलं. क्षणभर त्याच्या कानाची पाळी तापली. त्या दोघी पायऱ्या चढून गेल्या. नावेत अजून एक बाई उरली होती, कडेवर मूल होतं आणि डोक्यावर गाठोडं. ती काठाकडे बघून घुटमळत होती.

सुभानाने दोर कमरेला नीट आवळला आणि टाचा वाळूत दाबल्या.

"या ताई," तो म्हणाला. "निर्धास्त पाय टाका. नाव हलायची नाही."

बाईने पाऊल टाकलं. तिच्या पायाचा रेटा नावेला लागला, नावेतून दोराला, दोरातून सुभानाला. नाव जागची हलली नाही. मूल कडेवर झोपलेलंच राहिलं, आणि बाई मागे वळूनही न बघता घराकडे चालू लागली.

सहा महिन्यांनी रायाजीचा खांदा बरा झाला. तेव्हापासून दोघे भाऊ एक दिवस बांबू आणि एक दिवस दोर असं आळीपाळीने काम करू लागले. त्या घाटावर पुन्हा कुणी पाण्यात पडल्याचं कुणाला आठवत नाही.

बोध हाच: ज्याच्या आधाराने आपण पुढे जातो, तोही आपल्याएवढाच जोर लावत असतो, तो जागचा हलत नाही म्हणून त्याला रिकामा समजू नये.